नदीपलीकडून आले ते

आबाजींच्या बाडात एक अर्धं पान कोरं होतं. माझ्या चुकीची सुरुवात तिथून झाली, म्हणून तेच आधी सांगते.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे मामा. गोल बाजारातल्या भांड्यांच्या एका दुकानात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तांब्या-परातींवर नावं कोरली. दुसरं काम आख्यान म्हणण्याचं. रायपूरच्या आमच्यासारख्या काही मराठी घरांत वर्षातून एकदा ते येत, ओसरीवर नाहीतर बैठकीत बसत आणि दोन-अडीच तास एका गढीची गोष्ट ओव्यांमधून सांगत. त्या ओव्यांचं बाड त्यांना त्यांच्या गुरूनं उतरवून दिलेलं. गुरूला त्याच्या गुरूनं. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमच्या मते त्यातली भाषा बरीच जुनी आहे, मध्ययुगाच्या शेवटाकडची. मला स्वतःला तेवढं कळत नाही. मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

गोष्ट साधी आहे. नदीच्या काठावर एक गढी असते. नदी हीच सरहद्द. एक नावाडी दोन्ही काठांवरच्या लोकांना नेतो-आणतो, कोण कुठला हे विचारत नाही. एका सुगीला पलीकडून काही माणसं येतात. वाटसरू समजून नावाडी त्यांना अलीकडे आणतो. ते गढी लुटतात, गुरं हाकतात आणि जाताना नावाड्याच्याच मुलीला उचलून नेतात. मग नावाड्याचा लांब विलाप. मग गढीचा राजा फौज जमवून पलीकडे जातो, गावं जाळतो, निशाण लावतो. आख्यान संपतं.

विलाप सुरू झाला की आमच्याकडे एक रीत होती. घरातल्या बाया आपापल्या मुलींना जवळ ओढून त्यांच्या डोक्यावर पदर टाकत. मुलगी कितीही मोठी असली तरी. मागच्या वर्षीसुद्धा आईनं मला असं ओढलं होतं आणि मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू आहे म्हणून तिच्यावर चिडले होते. ही रीत फक्त आपल्या घरांची आहे असं मला वाटायचं. प्रबंधात मी तसं लिहिलंही होतं.

प्रबंधाचा विषय मॅडमनीच सुचवला होता. सरहद्दीवरच्या समाजाचा इतिहास दरबारी कागदांत सापडत नाही, कारण कागद राजधानीत लिहिले जातात. तो गाण्यांत, आख्यानांत, पोथ्यांत सापडतो, असं त्या म्हणत. मला ते फार आवडलं. माझ्याकडे राजधानीचे कागद नव्हतेच, आबाजी होते.

तर ते कोरं पान. नदीपलीकडून आलेल्या लोकांचं वर्णन जिथे यायला हवं, तिथे बाडात अर्धं पान रिकामं आहे. वर ओवी संपते, खाली नावाड्याचा विलाप सुरू होतो. मध्ये काही नाही. मी समजले की शाई उडाली असेल, किंवा उतरवणाऱ्याचं पान हुकलं असेल. आबाजींना ते वर्णन पाठ होतंच. आमच्या बैठकीत ते म्हणाले तसं मी उतरून घेतलं, हिंदीत भाषांतर केलं आणि चौकोनी कंसात त्या जागी भरलं. कंसामुळे काम शास्त्रशुद्ध दिसलं. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

त्या वर्णनात राक्षस होते. जंगलातून येणारे, अंगाला मोहाचा वास, अळणी खाणारे, रात्री झाडावर झोपणारे. ते एकमेकांशी बोलतात तेव्हा आबाजी मान हलवून "हव, हव, हव" असं काहीसं भराभर म्हणत आणि लहानपणी आम्ही पोरं हसून लोळायचो. प्रबंधात त्या जागी मी लिहिलं होतं, 'निरर्थक ध्वनी'. हव म्हणजे छत्तीसगढीत हो. मी छत्तीसगढी बोलते. भाजीवालीशी, शेजाऱ्यांशी, कॉलेजातल्या मैत्रिणींशी रोज बोलते. तरी मी ते लिहिलं, आणि लिहिताना मला काहीही वाटलं नाही.

मॅडमनी प्रकरण वाचून एवढंच विचारलं, "ये बाबाजी गाँवों में भी गाते हैं न? वहाँ सुना तुमने?"

मी म्हटलं, नाही.

"एक बार सुन आओ. एक ही बैठक के पाठ पर पूरा अध्याय मत खड़ा करो."

गावांचं खरं होतं. दर पौषात, धान घरात आलं की आबाजी पंधरा दिवस गावांकडे जात. आम्ही कधी विचारलं नाही की तिथे ते काय करतात. आख्यान म्हणतात, एवढं माहीत होतं. मी बरोबर येते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"चाल. पण तिथं तोंड बंद ठेवजो."

"काहून?"

"अगं, तुह्या तोंडात मराठी लई भरली आहे, म्हणून."

मला वाटलं थट्टा करताहेत.

तेलीबांध्याच्या थांब्यावरून आम्ही बसमध्ये बसलो. नव्या रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते मागे पडले, मग धानाची कापलेली शेतं लागली. गावात पोचलो तेव्हा दुपार होती. एका मोठ्या अंगणात, पैऱ्याच्या म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगाजवळ, सगळा पारा, सगळी वस्ती जमलेली. आबाजींना सगळे ओळखत होते. कुणी पाणी आणलं, कुणी घोंगडं पसरलं. एका म्हातारीनं मला हात धरून आपल्याजवळ बसवलं. "आ नोनी, एती बइठ." मग माझं मनगट दोन बोटांत धरून म्हणाली, "शहर म का खाथस? हवा?" आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसले. मोबाइल मांडीवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

आबाजींनी बाड उघडलंच नाही. डोळे मिटून छत्तीसगढीत सुरू केलं. गोष्ट तीच, गढी तीच, नावाडी तोच. मी मनातल्या मनात ओव्या जुळवत होते आणि खूश होते, कारण पाठ खरंच जुळत होता. आता राक्षस येणार म्हणून मी थोडी पुढे सरकले.

ते आले. घोड्यांवरून आले. त्यांचे भाले इतके लांब की तिरके केल्याशिवाय दारातून आत शिरत नव्हते. ते आधी घोड्याला खाऊ घालत आणि मग माणसाच्या ताटातलं ओढून घेत. डोक्याला एवढं कापड गुंडाळलेलं की त्यात एका घरातल्या बायका लुगडी नेसल्या असत्या. आणि ते एकमेकांशी बोलत तेव्हा भांडताहेत असं वाटे. आबाजींनी मान ताठ केली, नाकपुड्या फुगवल्या आणि भराभर म्हटलं, "काय रे! कुठं रे! चल रे! घे रे!"

पोरं खदखदून हसली. माझ्या शेजारची म्हातारी हसता हसता माझ्या खांद्यावर टेकली.

त्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे सगळ्यांचं हसू आहे आणि मोबाइल जमिनीवर पडल्याचा आवाज आहे.

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आईनं सकाळी मला उठवताना जी भाषा वापरली, ती राक्षसांची भाषा म्हणून एक अंगण हसत होतं. आणि ती बोलून दाखवत होते आमचेच आबाजी. मी त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे बघत नव्हते. उठून जावं असं वाटलं, पण उठता येईना.

तेवढ्यात विलाप सुरू झाला. अंगणातलं हसू थांबलं. बायांनी आपल्या मुलींना जवळ ओढलं आणि डोक्यावर पदर टाकले. हुबेहूब आमच्यासारखे. मी ते बघत असतानाच माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. म्हातारीनं आपला पदर माझ्या डोक्यावर ओढला होता. तिच्या पदराला चुलीचा आणि तेलाचा वास होता. तिनं माझं डोकं छातीशी घट्ट धरलं, जणू मला कुणी न्यायला आलं आहे. मला न्यायला येणारे ते घोडेस्वार माझेच कोणी होते आणि तिला ते माहीत नव्हतं.

नंतर तिनं विचारलं, "कोन गाँव के अस?"

"रइपुर के," मी म्हटलं. पुढे काही सांगितलं नाही. खोटं काही नव्हतं त्यात. पण मी ते कसं म्हटलं ते मला माहीत आहे.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. आबाजी शेंगदाणे खात होते.

"आबाजी, हे काय होतं?"

"काय?"

"आपल्या घरी ते राक्षस. इथं आपण."

"मंग? तुह्या आईच्या बैठकीत बसून आपल्याले राक्षस म्हटलं असतं, तं तिनं मले चहा देल्ला असता?"

"थट्टा नका करू ना. खरं कोणतं आहे?"

त्यांनी शेंगदाण्याची टरफलं खिडकीबाहेर टाकली. "भांडं ज्याचं, नाव त्याचं. मी चाळीस वर्सं तेच केलं."

"पण बाडात काय होतं? त्या कोऱ्या पानावर?"

"काहीच नव्हतं."

"म्हणजे शाई..."

"शाई कायची? ते पान कोरंच ठेवा लागते. माह्या गुरूनं कोरं ठेवलं, त्याच्या गुरूनं कोरं ठेवलं. मले सांगतलं, ज्याच्या ओसरीवर बसशील, त्याचीच पोरगी गेली असं समजून म्हण. नेणारे कोण ते तिथं पाहून घे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय केलं त्या पानाचं?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी ते भरलं होतं, चौकोनी कंसात.

त्यांना कळलं असावं. "भरलं? बाई गं," एवढंच म्हणाले आणि शेंगदाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला.

आता खरी अडचण सांगते. प्रबंध दुरुस्त करता आला असता, मॅडम समजूतदार आहेत. पण त्याच प्रकरणावर मी आमच्या मराठी लोकांच्या हॉलमध्ये बोलणार होते. संक्रांतीनंतरचा मेळावा होता, कार्यक्रमपत्रिका छापून वाटली होती आणि त्यात माझ्या नावाखाली विषय होता: 'आपल्या पूर्वजांच्या शौर्याचं आख्यान'. हे नाव मी दिलं नव्हतं, पण बदलायलाही सांगितलं नव्हतं. माझे बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार आहेत. त्या हॉलमध्ये ते इतकी वर्षं खुर्च्या लावायला जात आले. डॉक्टर, वकील, मोठे व्यापारी पुढच्या रांगेत बसतात, बाबा मागे उभे राहतात. या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या मुलीचं नाव छापलं गेलं होतं. ती पत्रिका त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवून कामावर नेली होती, सगळ्यांना दाखवायला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी ते आरशासमोर केसांना तेल लावत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगही ऐकवलं. "काय रे, कुठं रे" आल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"हे तिथं म्हणशील?"

"म्हणावं लागन बाबा."

"काहून लागन? कोण विचारून राहिलं?"

"मी चूक लिहिलं आहे. मला माहीत असून तेच वाचू?"

ते मोठ्यानं बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत. "तुले शिकवलं ते आपल्याच माणसायले राक्षस म्हणायले?"

"मी नाही म्हणून राहिली. मी फक्त..."

"मले समजत नाही, असं नको समजू." आणि मग, कंगवा खाली ठेवून, "आज नको म्हणू. पुढच्या वर्षी म्हण."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढच्या वर्षी बोलावतीन का तिले?"

हॉलमध्ये मी दोन कागद घेऊन गेले. एक जुना, एक नवा. व्यासपीठावर जाईपर्यंत मी ठरवलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. बाबा मागे दाराशी उभे होते. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी "बोल बेटा, घाबरू नको" म्हटलं. मी आख्यानाची गोष्ट सांगितली. कोऱ्या पानापाशी आले. मग आमच्या बैठकीतलं वर्णन वाचलं. "हव, हव" आल्यावर हॉल हसला. आम्ही लहानपणी हसायचो तसाच. ते हसू ऐकलं आणि मी दुसरा कागद वर घेतला. गावातलं वर्णन वाचलं. शेवटची ओळ आली, "काय रे, कुठं रे, चल रे, घे रे."

कुणी हसलं नाही.

मी घाईघाईत उरलेलं सांगितलं. की विलाप दोन्हीकडे एकच आहे, भाषा सोडली तर ओळीला ओळ. पदर दोन्हीकडे पडतो. फक्त नेणारे बदलतात, आणि ते बदलावेत म्हणूनच पान कोरं ठेवलं आहे. जुन्या साहित्यातून आपल्याला शत्रू कोण होता ते कळेलच असं नाही, भीती कोणती होती ते मात्र कळतं. हे वाक्य मी पाठ केलं होतं, तरी अडखळले.

सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माइक घेतला. "मुलीनं मेहनत केली आहे. पण काही गोष्टी घरातल्या असतात." मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "किसकी लड़की है ये?" दुसऱ्यानं दबक्या आवाजात सांगितलं, "वो कुर्सीवाले की." ते सगळ्यांना ऐकू गेलं. शाल आणि नारळ आधीच आणलेले होते, ते मला दिले. फोटो काढताना माझ्याबरोबर पालकांना बोलावतात. बाबांना बोलावलं नाही. बाबा स्वतःहूनही आले नाहीत. मी त्यांना शोधलं तेव्हा ते रिकाम्या झालेल्या खुर्च्या एकावर एक रचत होते. मीही शाल बाजूला ठेवून रचू लागले. त्यांनी मला अडवलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

स्कूटरवर आम्ही दोघंच होतो. संध्याकाळची गर्दी होती. मी मागे बसून वाट पाहत होते की ते रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. एका सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ते मान न वळवता म्हणाले,

"त्या पोरीचं पुढं काय होते?"

"कोणत्या?"

"नावाड्याच्या. मी लहानपणापासून ऐकतो. राजा जाते, गावं जाळते, निशाण लावते. पोरगी?"

मी आठवून पाहिलं. आमच्या बैठकीतलं, गावातलं, बाडातलं. "काही नाही बाबा. पुढं तिचं नाव येत नाही."

"दोन्हीकडं नाही?"

"दोन्हीकडं नाही."

"एवढी फौज गेली पलीकडं," ते म्हणाले, "अन् कोणी तिले शोधलं नाही? बापानंबी नाही?"

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवू लागले. बाबांनी गाडी पुढे घेतली. मी मागे तशीच बसून राहिले. गावातल्या अंगणात बसला होता त्याहून मोठा धक्का मला त्या सिग्नलला बसला. दोन वर्षं मी ते आख्यान वाचत होते. राक्षस कोण, गढी कुठली, नदी कोणती, शतक कोणतं, सगळं विचारून झालं होतं. राजा जाळपोळ करून परत येतो, बाया डोळे पुसतात, चहा होतो, आणि ती मुलगी पलीकडेच राहते. कुणाच्याच ओसरीवर तिला परत आणायची रीत नव्हती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगी असून.

बाबा त्यानंतर आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. अजूनही त्या हॉलचा विषय आमच्या घरात निघत नाही, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमांना खुर्च्या लावायला त्यांना कुणी बोलावलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि मी ते भरून देऊ शकत नाही.

प्रकरण मी पुन्हा लिहिलं. कंस काढून टाकला, अर्धं पान कोरं आहे तसं कोरं सोडलं. 'निरर्थक ध्वनी' खोडलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं: दोन्ही पाठांत सूड आहे, शोध नाही. मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं दोन रेघा मारल्या आणि समासात विचारलं, यह किसका अवलोकन है, संदर्भ दो.

तळटीप कशी लिहायची ते मला बराच वेळ कळेना. शेवटी लिहिलं: माझे वडील, तोंडी.